महोत्सव थांबवा, तालमीला जागा द्या

डिसेंबर-जानेवारी आला की राज्यातल्या कित्येक नगरपालिका आपापल्या शहराच्या नावाने महोत्सव भरवतात. तीन दिवस, मोठे मैदान, पहिल्या रात्री टीव्हीवरच्या गायकांचा वाद्यवृंद, दुसऱ्या रात्री लावणी, तिसऱ्या रात्री हास्यकवींचे संमेलन. खर्चाचा कागद पाहिला तर मोठा भाग मंडप, ध्वनी, प्रकाश आणि एलईडी पडद्यावर गेलेला असतो. उरलेल्यातला बराचसा बाहेरगावच्या नावांच्या मानधनात जातो. गावातल्या कलावंतांच्या वाट्याला उद्घाटनाआधीचे स्वागतगीत येते. चौथ्या दिवशी मंडप उतरतो आणि त्याच गावातली हौशी नाट्यसंस्था तालमीसाठी पुन्हा कुणाची तरी गच्ची किंवा मंगल कार्यालयाचे जेवणघर शोधत फिरते.

नगरपालिकेने कार्यक्रम भरवणे थांबवावे, आणि गावातल्या लोकांना कार्यक्रम बसवता येतील, करता येतील अशा जागा, तारखा आणि साधने वर्षभर चालू ठेवावीत. कला निर्माण करणे हे नगरपालिकेचे काम नाही, तिला ते जमतही नाही. पण जागा चालवणे, वीज देणे, माणूस नेमणे, वेळापत्रक पाळणे ही कामे तिची रोजची आहेत.

अधिकाराचा प्रश्न नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवता येण्याजोगे १८ विषय आहेत. त्यांत रस्ते, पाणीपुरवठा, स्मशानभूमी यांच्याच रांगेत १३व्या क्रमांकाला सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणे हा विषय आहे. राज्याच्या १९६५च्या नगरपरिषद अधिनियमानुसार होणाऱ्या विषय समित्यांत शिक्षण, क्रीडा व सांस्कृतिक कार्य समिती असते. अडचण अंदाजपत्रकात आहे. बऱ्याच ठिकाणी जयंत्या, सत्कार, ध्वजवंदन आणि कला यांचा खर्च एकाच लेखाशीर्षाखाली पडतो. वर्षअखेरीस पैसे हार-शाली, मंडप आणि फ्लेक्सवर संपलेले असतात, आणि कागदावर मात्र ‘सांस्कृतिक’ तरतूद पूर्ण खर्ची पडलेली दिसते. दोन्ही शीर्षे वेगळी करणे ही पहिली गोष्ट, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

कोल्हापूरचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कलावंतांना आणि मल्लांना आश्रय दिला हे खरेच, पण त्याहून दीर्घकाळ पुरले ते शेजारीशेजारी उभारलेले पॅलेस थिएटर आणि खासबागेचे कुस्ती मैदान. १९१५ साली उभे राहिलेले पॅलेस थिएटर म्हणजेच पुढचे, गायक-नट केशवराव भोसले यांच्या नावाचे नाट्यगृह. तिथे शंभरावर वर्षे व्यावसायिक, हौशी, शालेय असे सगळे प्रयोग झाले. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, ते आगीत जळाले आणि शहराच्या रंगकर्मींच्या पायाखालची जमीनच सरकली. महोत्सव रद्द झाला तर लोक आठवडाभर बोलतात. जागा गेली की पिढीचे वेळापत्रक कोलमडते.

नाट्यगृह नाही असे आता फार गावांत म्हणता येत नाही. राज्याच्या वैशिष्ट्यपूर्ण कामांच्या अनुदानातून किंवा नगरोत्थान योजनेतून बऱ्याच ठिकाणी इमारती उभ्या राहिल्या, काही राहत आहेत. प्रश्न त्या कशा बांधल्या आणि कशा चालवल्या जातात याचा आहे.

रंगमंचाची जमीनच घ्या. शहरामागून शहरात नवीन सभागृहाच्या मंचावर गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल किंवा ग्रॅनाइट बसवलेले दिसते, कारण निविदेत मंच आणि लॉबी एकाच ‘फ्लोअरिंग’ बाबीत धरलेले असतात. नेपथ्याचा फ्लॅट, म्हणजे लाकडी चौकटीची खोटी भिंत, उभा राहतो तो मागून लावलेल्या तिरक्या लाकडी आधारावर, आणि तो आधार जमिनीत खिळा ठोकून पक्का करतात. टाइलवर खिळा जात नाही. मग आधारावर विटा, वाळूच्या पिशव्या ठेवतात. प्रयोगात कुणी दार जोरात लावले की भिंत हलते. कथक किंवा लावणी करणाऱ्या मुलींचे गुडघे आणि टाचा टाइलखालच्या काँक्रीटवर आपटतात, पावलाचा नाद मरतो आणि घुंगरांचा तेवढा कर्कशपणे उसळतो. शिवाय चकाकत्या जमिनीवरून प्रकाश उलटा उडून पडद्यावर डाग पाडतो. उपाय जुनाच आहे: काँक्रीटवर लाकडी पट्ट्यांची चौकट, खाली थोडी पोकळी, वर जाड प्लाय आणि त्यावर काळा मॅट रंग. वरचा थर दर तीन-चार वर्षांनी बदलायचा, कारण खिळे खाऊन तो चाळणी होणारच. हे अंदाजपत्रकात आधीच धरून ठेवावे लागते.

दुसरी चूक विंगांची, म्हणजे मंचाच्या दोन्ही बाजूंच्या आडोशाच्या जागांची. मंचाची दर्शनी रुंदी ३५ फूट आणि दोन्ही बाजूंना जेमतेम चार-चार फूट, असा आराखडा झाला की दुसऱ्या अंकाचा सेट ठेवायला जागा राहत नाही आणि पात्र प्रवेशाआधीच प्रेक्षकांना दिसते. प्रत्येक बाजूला किमान १० ते १२ फूट मोकळे हवेत. मागच्या दाराची उंची आणि तिथपर्यंतचा रस्ताही नकाशावर आधीच तपासायला हवा. सेटचा टेम्पो मागच्या बाजूने थेट दाराला लागला पाहिजे. तो पार्किंगमध्ये अडकला की आठ फुटी फ्लॅट माणसांच्या डोक्यावरून जिन्यातून चढवावे लागतात, आणि दुपारी चारला लागायचा सेट साडेसहाला लागतो. नऊचा प्रयोग साडेनऊला सुरू झाला तर प्रेक्षक संस्थेला नावे ठेवतात.

तिसरी गोष्ट आकाराची, आणि सगळ्यात महागात पडते तीच. ५०-६० हजार वस्तीच्या गावात ८०० किंवा १००० खुर्च्यांचे वातानुकूलित नाट्यगृह बांधण्याचा मोह प्रत्येक नगराध्यक्षाला होतो. ढोबळ हिशोब करू. सभागृहात दर आठ-दहा प्रेक्षकांमागे एक टन वातानुकूलन लागते, म्हणजे ८०० खुर्च्यांना ८० ते १०० टन. एका टनाला तासाला साधारण सव्वा युनिट धरले, तर तासाला १०० ते १२५ युनिट. सभागृह आधी तासभर गार करायचे आणि तीन तासांचा प्रयोग, असे चार तास. १२ रुपये दराने केवळ हवेचे पाच ते सहा हजार झाले. हौशी संस्थेच्या प्रयोगाला १२० माणसे आली आणि तिकीट १०० रुपये असले, तर गल्ला १२ हजार. त्यातून हवा, भाडे, सफाई आणि ध्वनी वजा केल्यावर नेपथ्याचे लाकूडही सुटत नाही. आणि उच्चदाब जोडणीचा मागणी आकार प्रयोग असो-नसो दरमहा भरावा लागतो. तेच २०० खुर्च्यांचे छोटे सभागृह असेल, तर २०-२५ टनांत भागते आणि हवेचा खर्च १२००-१५०० वर येतो. १२० माणसे तिथे गर्दी वाटतात, नटाला माइक लागत नाही, नवख्या लेखकाला पहिला प्रयोग परवडतो. मोठे नाट्यगृह पाहुण्या नाटकांसाठी असते, छोटे गावासाठी. पैसे एकाच इमारतीपुरते असतील तर छोटी इमारत आधी बांधावी, हे ठामपणे म्हणायला हवे.

‘बहुउद्देशीय’ हा शब्द प्रस्तावात दिसला की तिथेच थांबावे. लग्नासाठी सपाट जमीन, सुट्या खुर्च्या आणि भरपूर उजेड हवा. नाटकासाठी उतरती बैठक, पक्क्या खुर्च्या आणि पूर्ण अंधार. एकाच सभागृहात दोन्ही धरले की उत्पन्न लग्नांचे येते, आणि दिवाळीनंतरच्या चांगल्या तारखा लग्नांनाच जातात. राज्य नाट्य स्पर्धेचा हंगामही तेव्हाच असतो.

आता चालवण्याकडे येऊ. नगरपालिकेच्या मंजूर आकृतिबंधात, म्हणजे पदांच्या यादीत, ‘रंगमंच तंत्रज्ञ’ असे पद सहसा नसते. नाट्यगृहाचा व्यवस्थापक म्हणून करविभागातल्या लिपिकाकडे अतिरिक्त कार्यभार दिला जातो आणि बाकी माणसे बाह्यस्रोताने, दर वर्षी नव्या ठेकेदाराकडून येतात. दिव्यांचा उजेड कमीजास्त करणाऱ्या डिमरच्या आठ वाहिन्यांपैकी तीन बंद आहेत हे ज्याला ठाऊक असते त्याचे कंत्राट मार्चमध्ये संपते. मग दुरुस्तीची नस्ती फिरते. दोन हजारांच्या सुट्या भागासाठी मागणीपत्र, दरपत्रके, तांत्रिक मान्यता, लेखा विभाग, मुख्याधिकारी असा प्रवास होतो, आणि दोन-तीन महिने प्रत्येक संस्था स्वतःचे दिवे भाड्याने आणते. यावर उपाय आहेत. व्यवस्थापकाच्या हाती किरकोळ खर्चासाठी २५ हजारांचा स्थायी अग्रिम द्यावा, महिन्याला हिशोब घ्यावा आणि पुन्हा भरावा. दोन तंत्रज्ञ, एक प्रकाशाचा आणि एक ध्वनीचा, तीन वर्षांच्या कराराने घ्यावेत. दिवे, ध्वनी आणि पडद्यांच्या देखभालीचा करार बांधकामाच्या ठेक्यातून बाहेर काढून त्या धंद्यातल्या माणसांना द्यावा.

दिवे बदलताना एक काळजी घ्यायची. जुना १००० वॉटचा ‘पार’ दिवा एलईडीने बदलला की २४ दिव्यांचा भार २४ किलोवॉटवरून पाचाच्या आत येतो, वायरिंगवरचा ताण उतरतो, मंचावर नट घामाघूम होत नाही. पण सर्वांत कमी दराची निविदा घेतली तर असे दिवे येतात जे हळूहळू विझत नाहीत. दहा टक्क्यांपर्यंत उतरतात आणि मग एकदम बंद होतात. अंकाच्या शेवटचा अंधार ज्यावर उभा असतो तोच क्षण असा तुटतो. म्हणून निविदेत वॉट आणि नग लिहून भागत नाही. नमुना मंचावर लावून, शंभरापासून शून्यापर्यंत दहा सेकंदांत उतरवून दाखवण्याची अट घालावी, आणि ती चाचणी पाहायला गावातला एखादा प्रकाशयोजनाकार बसवावा.

आगीबाबत कसलीही सवलत नको. मंच म्हणजे कापड, लाकूड, रंग आणि तापलेल्या तारा यांची कोठी. २००६च्या राज्य अधिनियमाप्रमाणे अग्निरोधक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. ते नाट्यगृहाच्या दर्शनी फलकावर लावावे. आपत्कालीन दारांना प्रयोगाच्या वेळी कुलूप असणे ही सर्वत्र दिसणारी गोष्ट आहे. फुकटे शिरतात म्हणून कुलूप लावतात. आतून ढकलताच उघडणारी आणि बाहेरून न उघडणारी दांडी बसवली की दोन्ही प्रश्न सुटतात.

तारखांवरून सर्वाधिक कडवटपणा येतो. तीन महिन्यांपूर्वी तारीख मिळालेली, जाहिरात झालेली, तिकिटे गेलेली, आणि दोन दिवस आधी निरोप येतो की सभागृह मेळाव्यासाठी हवे आहे. संस्थेला भाडे परत मिळते. बाहेरगावच्या नटाचे आरक्षण, छापलेली हस्तपत्रके आणि प्रेक्षकांचा विश्वास परत मिळत नाही. तेव्हा सर्वसाधारण सभेच्या ठरावातच लिहिले पाहिजे की निवडणूक आयोगाचा आदेश किंवा आपत्ती सोडून दिलेली तारीख परत घेता येणार नाही. तारीखवाटप दर तीन महिन्यांनी, जाहीर दिवशी, अर्जदारांसमोर व्हावे. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी तिकीट लावून होणाऱ्या प्रयोगांना अग्रक्रम मिळावा. शाळांची स्नेहसंमेलने सोमवार ते गुरुवारी बसवता येतात. महिन्यात चार तारखा स्थानिक संस्थांसाठी राखून ठेवाव्यात आणि त्या दहा दिवस आधीपर्यंत मागितल्या गेल्या नाहीत तर खुल्या कराव्यात. वाटपाचा पूर्ण तक्ता, अर्ज केलेल्या आणि नाकारलेल्या नावांसह, नगरपालिकेच्या संकेतस्थळावर असावा. असा तक्ता लागला की वशिल्याच्या निम्म्या तक्रारी आपोआप थांबतात.

गोव्यात मडगाव, साखळी, कुडचडे इथल्या रवींद्र भवनांसाठी नगरपालिकेबाहेरची स्वतंत्र व्यवस्था आहे, खर्चाला राज्य सरकार आहे. आपल्याकडे लगेच तसे होणार नाही, पण नाट्यगृहाचे काम हेच ज्यांचे मुख्य काम अशी माणसे नेमणे तरी शक्य आहे.

प्रयोगाच्या जागेइतकीच, किंबहुना अधिक, तालमीची जागा महत्त्वाची. दोन अंकी नाटक बसवायला हौशी संस्थेला ४०-४५ रात्री लागतात. नोकरी-धंद्याची माणसे, त्यामुळे वेळ साडेसातनंतरची. नगरपालिकेच्या शाळा तेव्हा रिकाम्या असतात. ३० फूट बाय ४० फुटांचा एक हॉल किंवा मधली भिंत नसलेले दोन वर्ग पुरतात. ही गोष्ट सोपी दिसते आणि तरी घडत नाही, कारण मुख्याध्यापकांची भीती रास्त असते: सकाळी बाके उलटसुलट, फळ्यावर खडूने काढलेला सेटचा नकाशा, स्वच्छतागृहात घाण आणि पंखे रात्रभर चालू. म्हणून व्यवस्था शाळेच्या गळ्यात घालू नये. प्रत्येक तालीमघराला नगरपालिकेने दरमहा ८ हजार मानधनावर सायंकाळचा काळजीवाहू द्यावा. किल्ली त्याच्याकडे, नोंदवही त्याच्याकडे. आत जाताना आणि बाहेर पडताना खोलीचे छायाचित्र, संस्थेची हजार रुपये अनामत आणि रात्री साडेदहाला दिवे बंद. तालीमघरासाठी वेगळे वीजमीटर लावले तर बिलाचा वादही मिटतो.

एवढ्यावर भागत नाही, कारण गावाची कला म्हणजे केवळ नाटक नव्हे. भजनी मंडळे, शाहीर, गोंधळी, वासुदेव, बँडवाले, मूर्तिकार, रांगोळी काढणाऱ्या बायका यांतले बहुतेक कुठल्याही नोंदणीकृत संस्थेत नसतात. नगरपालिकेचे अनुदान मात्र नोंदणीकृत, लेखापरीक्षण झालेल्या संस्थेलाच देता येते, आणि त्यामुळे ते वर्षानुवर्षे त्याच दोन-चार मंडळांकडे जाते. यासाठी नगरपालिकेने कलावंत नोंदवही ठेवावी: नाव, कला, किती वर्षे, कुठे कार्यक्रम केले, आणि दर कार्यक्रमानंतर तारीख टाकून एक ओळ. या ओळींचा उपयोग म्हातारपणी होतो. ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी राज्याची दरमहा ५ हजार रुपयांची मानधन योजना आहे. त्यासाठी वयाच्या पन्नाशीबरोबर कलेतल्या किमान १५ वर्षांच्या कामाचे पुरावे लागतात. नाटकवाल्याकडे जाहिराती आणि कात्रणे असतात. घरोघरी जागरण-गोंधळ घालत आलेल्या माणसाकडे काय असणार? त्याला गावात सगळे ओळखतात आणि अर्जाला जोडायला मात्र एक कागद नसतो. नगरपालिकेची नोंद हा तो कागद होऊ शकतो.

मानधन देतानाही शिस्त हवी. शाहिराचे पाच हजार तीन महिन्यांनी, दोन हेलपाटे घालायला लावून दिले तर त्यातले पाचशे प्रवासात गेलेले असतात. कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत रक्कम बँकखात्यात जमा व्हावी. नोंदवहीत खातेक्रमांक आधीच असला की ते सहज होते.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीकडे बोट दाखवून कुणी म्हणेल की तिथली रंगभूमी नगरपालिकेविनाच जगते. खरे आहे. वडसा म्हणजे देसाईगंज हे तिथल्या नाटक कंपन्यांचे केंद्र. दिवाळीनंतर होळीपर्यंत गावोगावी रात्रभर प्रयोग होतात, आणि ते गावातली मंडळे आपल्या हिमतीवर लावतात. पण रात्रभर चालणारी ही कला आणि उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी घालणारे २०००चे ध्वनिप्रदूषण नियम यांचा मेळ घालायचा प्रत्येक मंडळावर एकट्याने प्रसंग येतो. वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्याला देता येते, बाकी रात्रींचे काय, हा प्रश्न राहतोच. झाडीपट्टीला पैशाहून बंदिस्त तालीमघरांची, सेट ठेवायच्या गोदामांची आणि परवानग्या एका खिडकीवर मिळण्याची गरज आहे. हे कुठलाही महोत्सव देत नाही.

भिंतींबद्दलही एक सांगायचे आहे. स्वच्छ सर्वेक्षणाच्या तयारीत शहरांच्या भिंती रंगतात, आणि ते काम चौरस फुटाच्या दराने ठेकेदाराला जाते. मग प्रत्येक शहरात तेच फुलपाखरू, तीच झाडावरची चिमणी, तोच संदेश. आधी गिलावा घासून प्रायमर मारलेला नसल्याने पहिल्या पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटतात. तेच काम गावातल्या चित्रकला शिक्षकांना आणि कलाविद्यार्थ्यांना, भिंतीमागे ठरावीक रक्कम, वेगळा साहित्यखर्च आणि चित्राच्या कोपऱ्यात नाव घालण्याची मुभा देऊन करून घेता येते. पैसे तेवढेच लागतात.

पैशांचाच हिशोब मांडू. तीन दिवसांच्या महोत्सवावर ३० लाख जातात असे धरा. चार तालीमघरांचे काळजीवाहू आणि वीज मिळून वर्षाला साडेचार लाख. दोन तंत्रज्ञ, प्रत्येकी दरमहा २२ हजार, सव्वापाच लाख. फिरते ध्वनिसंच दोन, तीन लाख. मंचावरचे दिवे आणि नियंत्रक, साडेचार लाख. स्थानिक कलावंतांचे ५० कार्यक्रम, दहा हजार प्रत्येकी, पाच लाख. साठ प्रयोगांच्या भाड्यात पाच-पाच हजारांची सूट, तीन लाख. बेरीज सव्वापंचवीस लाखांच्या आसपास. उरलेल्यात मंचाची लाकडी जमीन आणि पडदे होतात. दुसऱ्या वर्षी ध्वनी आणि दिव्यांचे साडेसात लाख लागत नाहीत, त्यातून छोट्या सभागृहाचा आराखडा करून घेता येतो.

‘नळाला तीन दिवसांआड पाणी येते आणि तुम्हाला नाटके सुचतात’ हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो झटकून टाकू नये. पण वरच्या हिशोबात पाण्याचा एक रुपयाही वळवलेला नाही. जो पैसा आज मंडपात जातो तोच वर्षभरावर पसरला आहे. दुसरा आक्षेप नगरसेवकांचा: महोत्सवात हजारो लोक येतात, शाळेच्या हॉलमधली तालीम कुणाला दिसते? ती किती जणांना हवी आहे हे कळायला नगरसेवकांनी जानेवारीत अंदाजपत्रकाचे प्रस्ताव मागवले जातात तेव्हा गावातल्या सगळ्या संस्थांची एक बैठक लावून पाहावी आणि काय हवे ते विचारावे. संस्था, शिक्षक, लोककलावंत आणि एक तंत्रज्ञ अशी सात जणांची सल्लागार समिती एका ठरावाने नेमता येते. तिच्या मुदतीला दोन वर्षांची मर्यादा असावी, आणि ज्या सदस्याची संस्था तारीख किंवा मानधन मागत असेल त्याने त्या विषयापुरते बैठकीबाहेर बसावे. असे बाहेर कोण बसले हेही इतिवृत्तात लिहिले जावे.